खडू, फळा आणि मोबाईल

संध्याकाळी वस्तीत एखादे पोर मोबाईल घेऊन बसले की आपण चटकन म्हणतो, 'वाया चालले!' पण त्यांत एखादी डी.एल.एड.ची, म्हणजे जुन्या भाषेत डी.एड.ची, मुलगी असेल तर जरा थांबून पाहा. उद्याचा सराव पाठ ती तिथे शोधत असते. कष्टकऱ्यांच्या अनेक घरांत मोबाईल एकच असतो. तो कोणाच्या हाती द्यायचा, हे आपणच ठरवतो. म्हणून हा विषय पालकांचाही आहे.

आपल्याच सोलापूर जिल्ह्याचे उदाहरण घ्या. रणजितसिंह डिसले इंजिनिअरिंगचे शिक्षण अर्ध्यावर सोडून शिक्षक-प्रशिक्षणाकडे वळले आणि माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक झाले. पाठ्यपुस्तकांना त्यांनी क्यूआर कोडची जोड दिली. चौकोनी ठिपक्यांच्या त्या चित्रावर मोबाईल धरला की धड्याशी संबंधित चित्रफीत किंवा कविता उघडते. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. १० लाख डॉलरच्या त्या रकमेतील निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर ९ शिक्षकांना दिला. शाळा खेड्यातली होती, साधने मोजकी होती. पण कल्पना स्वतःची होती.

आज बालभारतीच्या पुस्तकांवर असे कोड छापलेले असतात. २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा'वर पाठ आणि शिक्षकांसाठीचे साहित्य मोफत मिळते. त्याच वर्षी 'स्वयम्'ही सुरू झाले. तेथे मोठ्या संस्थांतील प्राध्यापकांचे अभ्यासक्रम घरबसल्या शिकता येतात. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले, त्यात संगणक व माहिती तंत्रज्ञानाचा डोळसपणे वापर हाही अभ्यासाचा भाग आहे. डोळसपणे, हा शब्द महत्त्वाचा.

तो का, हे आमच्या वस्तीतील एका मुलीने शिकवले. तिची आई विड्या वळते. मुलीला पाचवीला अपूर्णांकाचा पाठ घ्यायचा होता. रात्री आईकडून मोबाईल मागून तिने एक तयार पाठ मिळवला आणि टाचण वहीत जसेच्या तसे उतरवले. पाठात पिझ्झ्याचे तुकडे होते. वर्गातील बहुतेक मुलांनी पिझ्झा कधी खाल्लाच नव्हता. मुले गप्प, मुलगी घामाघूम. निरीक्षण करणाऱ्या मॅडमनी पाठ पुन्हा घ्यायला सांगितला.

घरी येऊन ती रडली. आईने ताटातली भाकरी मोडली आणि म्हणाली, "ही अर्धी, ही चतकोर. एवढंच शिकवायचं होतं ना?" दुसऱ्या वेळी मुलगी ज्वारीची भाकरी घेऊनच वर्गात गेली. चतकोर म्हणजे एक चतुर्थांश, हे पोरांनी एका दमात सांगितले. मैत्रिणीने तो पाठ मोबाईलवर टिपला. रात्री पाहताना तिला कळले की, आपण फळ्याकडे तोंड करून बोलतो आणि मागच्या बाकाकडे बघतच नाही. ही चूक दाखवणाराही मोबाईलच होता.

तेव्हा दोष मोबाईलचा नाही. नकल करायला तो वापरला तर हाती प्रमाणपत्र येईल, पण शिक्षक घडणार नाही. आणि त्याची किंमत मोजतील ती आपलीच मुले, कारण महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत तीच बसतात.

भावी शिक्षकांनो, तयार पाठ जरूर पाहा, पण टाचण स्वतःच्या शब्दांत लिहा. उदाहरण मुलांच्या घरातले घ्या. स्वतःचा पाठ टिपून मैत्रिणींसोबत पाहा. चित्रफीत जिथे वाय-फाय मिळेल तिथे आधीच उतरवून ठेवा. वर्गात रेंज असेलच असे नाही.

आणि मायबापहो, अभ्यासाच्या वेळी घरातला मोबाईल त्या मुलीला द्या. मालिका नंतर पाहता येईल. सावित्रीबाई फुले यांनीही आधी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि मग मुलींना शिकवले. १८४८ साली भिडेवाड्यात शाळा सुरू झाली तेव्हा आजची साधने नव्हती. आज ती आपल्या मुलीच्या तळहातावर आहेत. ती वापरायला तिला निवांत एक तास मिळाला, तरी पुष्कळ आहे.