मेनूपलीकडची मराठी

संगमनेरसारख्या तालुक्याच्या गावात संगणकावर मराठीतलं काम भरपूर असतं: दूध संस्थांच्या सभासद याद्या, पतसंस्थांच्या नोटिसा, साखर कारखान्याचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका. हे सगळं लिनक्सवर चालेल का, असं विचारलं की उत्तर बहुधा मेनूकडे पाहून दिलं जातं. मेनू तर कधीच मराठीत आले. ग्नोम आणि केडीई या दोन प्रमुख डेस्कटॉपचं मराठीकरण बरीच वर्षं चालू आहे, आणि सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियन या लिनक्स प्रणालीवर बेतलेली ‘बॉस’ ही प्रणाली २००७ साली भारतीय भाषांच्या सोयीसह आणली. तरीही डीटीपीच्या दुकानात लिनक्स क्वचितच दिसतं. मेनू हा सगळ्यांत वरचा थर आहे. प्रणाली मराठी माणसाची होते ती त्याखालच्या थरांत, आणि तिथलं काम भाषांतराहून अवघड आहे.

त्या थरांचा इतिहास पुण्यातून जातो. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं, ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. मात्र देवनागरी आली म्हणून मराठी पूर्ण आली असं झालं नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळायला २००८ साल उजाडलं. ‘दऱ्या’मधला अर्धा र उमटवायला अक्षरजुळणीचा वेगळा नियम लागतो. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून निराळे, त्यामुळे मजकूर मराठी आहे हे फॉन्टला कळावं लागतं. अनुक्रमाचंही तसंच. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, युनिकोडमध्ये मात्र तो ल आणि व यांच्यामध्ये बसतो. निव्वळ संकेतांकांनुसार यादी लावली तर काळे आधी आणि कावळे नंतर येतात. वर्णमालेप्रमाणे हा क्रम नेमका उलटा हवा. पाच-सहाशे सभासदांच्या यादीत नाव शोधणाऱ्या कारकुनाला मेनूतल्या मराठीपेक्षा हा क्रम जास्त मोलाचा आहे.

यावर पहिला आक्षेप असा की विंडोज आणि मोबाइल या दोन्हींत आता मराठी उत्तम चालते, मग मूठभर लोकांच्या प्रणालीवर एवढी मेहनत कशाला? पण लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीत केलेलं काम तिच्यापुरतं राहत नाही. अक्षरजुळणी करणारं ‘हार्फबझ’ मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातच घडलं. आज अँड्रॉइड, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस या तिघांतही तेच काम करतं. तिथे एक जोडाक्षर दुरुस्त झालं की त्याचा लाभ लिनक्सचं नावही न ऐकलेल्या माणसाला मिळतो. शिवाय दुरुस्तीचा अधिकार वापरणाऱ्याकडे राहतो. बंद प्रणालीत चूक दिसली तरी आपण फक्त तक्रार नोंदवू शकतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दुकानदाराकडे वर्षानुवर्षांच्या फाइली श्रीलिपी, आकृती किंवा तशाच जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये पडलेल्या असतात. त्या फाइलींत देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढला की मागे उरतं ते निरर्थक चिन्हांचं कडबोळं. बोटांना बसलेला कळफलकही त्याच सॉफ्टवेअरचा असतो. अशा माणसाला सगळं सोडून नव्या प्रणालीवर ये म्हणणं म्हणजे त्याच्या भांडवलावर पाणी सोडायला सांगणं. हा आक्षेप मान्यच करायला हवा. मात्र त्यातून लिनक्स निरुपयोगी ठरत नाही. कामाचा क्रम तेवढा ठरतो. आधी जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणारी भरवशाची साधनं, मग ओळखीचा कळफलक, आणि मेनू सगळ्यांत शेवटी.

हे घडवायला गावात माणसं लागतात. केरळने शाळांमध्ये मुक्त प्रणाली रुजवली ती शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार करून. संगमनेरात १९८३ पासून अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एखाद्या जुन्या फॉन्टचं परिवर्तक लिहिलं, गावातल्याच खऱ्या फाइलींवर तपासलं आणि सर्वांसाठी खुलं केलं, तर ते नव्या भाषांतरित मेनूपेक्षा अधिक उपयोगी पडेल. अशा प्रकल्पाचं यशही सहज मोजता येतं: दुकानदाराने जुनी फाइल उघडावी, ती वाचता यावी, आणि एखादं अक्षर चुकलं तर ते दुरुस्त करणारा माणूस त्याच तालुक्यात सापडावा.