झूल पाहून घोडा घेऊ नये

आमच्या दोंडाईच्यापासून सारंगखेडे वीस-पंचवीस किलोमीटरांवर. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठच्या त्या गावी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजारही. माझे आजोबा त्या बाजाराला दर वर्षी जात. घोडा त्यांनी जन्मात एकही विकत घेतला नाही. पण घोडा पाहावा तो त्यांनीच! आधी पाय, मग खूर, मग दात, मग चाल. आणि सर्वांत शेवटी अंगावरचा साज. एकदा मी एका नटवलेल्या घोड्यापुढे खिळून उभा राहिलो, तेव्हा माझे बखोट धरून ते म्हणाले, "झूल पाहून घोडा घेऊ नये, बाळ. झूल संध्याकाळी उतरते. रात्री दारात उभा राहतो तो घोडा."

हे वाक्य मला गेल्या वर्षी पुन्हा आठवले ते एका सायकलच्या दुकानात.

त्याचे असे झाले. माझे थोरले बंधू मिरचीच्या एका पेढीवर मेहताजी होते. तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या विम्याचे पैसे वहिनींनी मुलाच्या शिक्षणासाठी बँकेत ठेवले आहेत. मुलगा म्हणजे माझा पुतण्या बारावी झाला, आणि त्याने सायकलचा ध्यास घेतला. साधी सायकल नव्हे, डोंगरात चालवायची सायकल! नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या चमूने अमेरिका आडवी ओलांडण्याची शर्यत पुरी केली, तेव्हापासून आपल्याकडच्या पोरांच्या डोक्यात सायकल शिरली आहे ती काही निघत नाही. वहिनींनी पन्नास हजार रुपये काढले, माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही दहा वर्षे ही सायकल दामटता. तुम्हीच काय ते बघा. पण पैसे त्यांचे आहेत, एवढे लक्षात असू द्या."

वाचकहो, पन्नास हजार रुपये खिशात असताना मला त्यांचे एवढे ओझे कधी झाले नव्हते.

मी पेशाने शाळामास्तर. पगार बेताचा, आणि छंद मात्र बेताबाहेरचा. या दहा वर्षांत कोठे किती पैसे घातले हे मी एका वहीत टिपून ठेवले आहे. ती वही म्हणजे माझ्या मूर्खपणाची बखर आहे. पण दुसऱ्याच्या मूर्खपणातून शहाणे होण्यास पैसे पडत नाहीत, म्हणून तिच्यातील काही पाने आज आपणांपुढे उघडतो.

पहिली गोष्ट ही की या खेळाचा जन्मच मुळी भंगारातून झाला. १९७०-८० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात टॅमलपाइस नावाच्या डोंगरावरून काही तरुण तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या, जाड टायरच्या सायकली खाली सोडत. १९७६ साली त्यांनी त्याच भागात एक शर्यत सुरू केली. तिचे नाव 'रीपॅक'. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. म्हणून हे नाव! पुढे त्यांच्यातल्याच काहींनी खास सायकली बांधल्या, कारखाने निघाले, आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. ज्या खेळाचा आरंभ अडगळीतल्या सायकलीवर झाला, त्याला लाख रुपयांवाचून हात घालता येत नाही असे जेव्हा दुकानदार सांगतो, तेव्हा मला हसू येते.

त्या दिवशी दुकानदाराने पुतण्यापुढे आणून उभी केली ती सायकल खरोखर डोळे दिपवणारी होती. किंमत बेचाळीस हजार. पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, एकवीस गिअर, नारिंगी-काळा रंग. पोराचे तोंड उघडेच राहिले. मी मनात म्हटले, ही झूल! घोडा कोठे आहे?

आता घोडा कसा पाहावा ते सांगतो.

स्प्रिंगपासून सुरुवात करू. चांगला झटकाशोषक असतो त्यात हवेचा किंवा तेलाचा दाब असतो, आणि तो महाग असतो. स्वस्त सायकलीला लावलेली असते ती नुसती पोलादी गुंडाळी. ती खड्ड्यात खाली जाते आणि तितक्याच जोराने वर उसळते. आणि चढावर आपण पायंडल मारावे तर निम्मा जोर तिला हलवण्यातच जातो. आमच्या बाजारपेठेत आप्पा म्हणून एक सायकल-मिस्त्री आहेत, त्यांनी एकाच वाक्यात याचा निकाल लावला होता : "गुरुजी, हाई इस्प्रिंग काय कामनी? नुसतं वजन शे!" थोडे पैसे असतील तर पुढे साधा चिमटा असलेली हलकी सायकल घ्यावी. मागची स्प्रिंग तर स्वस्तात घेऊच नये.

गिअरचेही तसेच. पुढे तीन आणि मागे सात चकत्या म्हणून एकवीस. पण त्यांतले कितीतरी एकमेकांची नक्कल असतात. संख्या विचारू नये, दाते मोजावेत. पुढची सर्वांत लहान चकती २४ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी ३४ दात्यांची असेल, तर पायंडलीच्या एका फेरीत चाक पाऊण फेरीसुद्धा फिरत नाही. सायकल गोगलगाईसारखी चालते, पण चालते! सातपुड्याच्या चढावर माणसाला हेच हवे असते.

जुनी सायकल घ्यावयाची तर सांगाड्याच्या जोडांवर बोट फिरवावे. हँडलखालच्या नळीला जोडाजवळ रंगावर सुरकुती किंवा बारीक चीर दिसली, तर फुकट मिळाली तरी घेऊ नये. चाक दोन्ही हातांनी आडवे हलवून पाहावे. खडखडले तर आतल्या गोळ्या झिजल्या. साखळी फूटपट्टीने मोजावी. नव्या साखळीच्या चोवीस जोडांना बरोबर १२ इंच लागतात. त्यावर १/१६ इंच वाढले की साखळी बदलावी. १/८ इंच वाढले तर समजावे की तिने दातेही खाल्ले, आणि आता दोन्हींचा खर्च आला. पाचशे-सातशेची साखळी वेळेवर न बदलल्याने मी एकदा साडेतीन हजार भरले आहेत. वहीत तारखेसह नोंद आहे.

नवीच सायकल घ्यावयाची असेल, तर एक गोष्ट ग्राहकाच्या बाजूची झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मूळ वीस हजारांच्या सायकलीवर चौदाशे रुपये वाचतात. ते खरोखर वाचले की नाही, हे पावतीवर पाहावे.

शेवटी आम्ही घेतली ती नाशिकच्या एका गृहस्थांची वापरलेली सायकल. त्यांनी हौसेने घेतली, चार महिने चालवली आणि पुढे वर्षभर तिच्यावर टॉवेल वाळत घातले. सोळा हजारांना सौदा झाला. साखळी, मागच्या चकत्या, दोन टायर, ब्रेकचे गुटके आणि आप्पांची मजुरी मिळून चार हजार. पंप, ट्यूबा, हातमोजे व हत्यारे यांचे तेराशे. आणि शिरस्त्राण बावीसशेचे. एकूण साडेतेवीस हजार.

या बावीसशेवरून मात्र पुतण्याचे व माझे भांडण झाले. त्याला सहाशेचे चालणार होते. उरलेल्या पैशांत रंगीत सदरा येत होता. मी ऐकले नाही. शिरस्त्राणात ई.एन. १०७८ यांसारख्या मानकाची खूण पाहावी, आणि हनुवटीखाली पट्टा आवळून डोके हलवून पाहावे. ते कपाळावरून सरकता कामा नये. आतला फेस आपटल्यावर स्वतः चेपतो व डोक्यावरचा आघात कमी करतो. तो एकदाच उपयोगी पडतो. एक मोठी आपटी बसली की ते बाद.

आता काटे! पाश्चात्त्य पुस्तकांत दगड आणि चिखल यांवर प्रकरणे असतात. पण ती लिहिणाऱ्यांनी आमच्या खानदेशातला सराटा पाहिलेला नाही. पावसाळा सरला की वाटेवर सराटे पसरतात, आणि जोडीला बाभळीचा काटा असतोच. सकाळी नऊपर्यंत पाच पंक्चर झालेला माणूस मी स्वतः आहे. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालावयाची पट्टी घेतली, तर तिने पैसे दोन महिन्यांत परत केले. आणखी एक : ट्यूबची नळी गावातल्या पंपाला बसेल अशीच घ्यावी. बारीक परदेशी नळी घेऊन रानात बसलेल्या माणसाला कोणीही मदत करू शकत नाही.

एवढे सायकलीचे. स्पर्धांचे पुराण याहून मोठे आहे.

माझ्या वहीतले एक पान असे : प्रवेश फी १,८००, प्रवास, सायकल नेण्याच्या भाड्यासह, ९५०, मुक्काम ७००, जेवण ४००. एकूण ३,८५०. मिळाले काय? एक सदरा, जो पहिल्या धुण्यात आखडला, एक पदक, दोन केळी, आणि माझे आडनाव चुकलेले प्रशस्तिपत्र. रानातल्या वाटेवर झेंडे लावलेले नव्हते. मी आणि आणखी दोघे चुकून एका दगडाच्या खाणीत पोचलो. तेथल्या रखवालदाराने पाणी दिले आणि विचारले, "साहेब, मोजणीला आलात का?" संयोजकांचे नाव मी सांगत नाही, बिचाऱ्यांनी पुढच्या वर्षी तो उद्योगच बंद केला.

तेव्हापासून पैसे भरण्यापूर्वी मी पाच प्रश्न विचारतो. वाटेवर खुणा कोण लावणार व केव्हा? डॉक्टर आणि रुग्णवाहिका कोठे उभी राहणार? पाणी किती किलोमीटरांवर? विमा आहे काय? आणि पावसाने कार्यक्रम रद्द झाला तर पैशांचे काय? जो संयोजक या पाचांची उत्तरे देतो, त्याला दोन हजार द्यावेत. जो फक्त सदऱ्याचा रंग सांगतो, त्याला नमस्कार करावा.

ज्याला पदकापेक्षा कसोटी हवी, त्याने 'ब्रेव्हे' करून पाहावे. हा प्रकार फ्रान्समधला. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबाच्या नियमांनी तो आपल्याकडेही चालतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. पहिला-दुसरा असा क्रमांक नाही, आणि वाटेत कोणाची मोटार मदतीला चालत नाही. पंक्चर आपले आपणच काढावयाचे. वाट बहुधा सडकेची असते, पण डोंगरी सायकलीला मज्जाव नाही. खर्च कमी आणि शिकवण भरपूर.

आणि सर्वांत स्वस्त स्पर्धा कोणती विचाराल, तर शहाद्याहून तोरणमाळ! तेथे प्रवेश फी नाही. पौषातल्या एका पहाटे पपईच्या एका रिकाम्या टेम्पोत सायकली टाकून आम्ही काका-पुतणे शहाद्याला उतरलो. म्हसावद, राणीपूर मागे पडले, सागाचे रान सुरू झाले आणि घाट लागला. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच. शेवटच्या वळणांवर पोरगा पुढे गेला. मी चोवीस-चौतीसवर गोगलगाय होऊन मागून आलो. यशवंत तलावाच्या काठी भाकरी, ठेचा आणि कांदा खाल्ला. दोघांचा दिवसाचा खर्च एकशे ऐंशी रुपये.

उतरताना मात्र घात झाला. एका वळणावर बारीक खडी पसरलेली होती. पोराने ब्रेक दाबला, पुढचे चाक सरकले आणि तो डाव्या अंगावर डोक्याने आपटला. माझ्या पायांतले बळच गेले. मी सायकल टाकून धावलो. तेवढ्यात तो उठून बसला, कोपरावरची धूळ झटकली आणि म्हणाला, "काका, सायकलला काही झाले नाही ना?"

शिरस्त्राण डाव्या कानशिलावर आरपार चिरले होते.

घरी येईपर्यंत वहिनींना काय सांगावे याची मी जुळवाजुळव करीत होतो. त्यांनी काही विचारलेच नाही. ते शिरस्त्राण हातात घेतले, चिरेवरून बोट फिरवले आणि एवढेच म्हणाल्या, "हे केवढ्याचे होते, भाऊजी?"

"बावीसशेचे."

त्या आत गेल्या. मी परत केलेले साडेसव्वीस हजार तसेच पाकिटात होते. त्यांतून मोजून चव्वेचाळीसशे त्यांनी माझ्यापुढे ठेवले.

"अहो, बावीसशेच," मी म्हणालो.

"त्याचे बावीसशे. आणि तुमचे?" खुंटीवर टांगलेल्या माझ्या शिरस्त्राणाकडे त्या पाहत होत्या. नऊ वर्षांचे ते; पट्टा तुटला म्हणून सुतळीने बांधलेले. "दुसऱ्याला घोडा पारखून देता, भाऊजी. स्वतःचा कधी पाहिलात?"

मी निमूटपणे पैसे उचलले. वहीत ती नोंद केली आहे. दहा वर्षांतला माझा सर्वांत चांगला खर्च तो. आणि तोही माझ्या पैशांनी झालेला नाही.