ऋण, कर्ज आणि पहिला पगार

‘ऋण’ हा शब्द आपल्याकडे संस्कृतातून आला आणि ‘कर्ज’ अरबीतून, फारसीच्या वाटेने. कोशात दोहोंचा अर्थ एकच. घरात मात्र फार वेगळा. आईचे ऋण, गुरूचे ऋण आपण भरसभेत सांगतो. सोसायटीचे कर्ज कोणी सांगते का? आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तर या दुसऱ्या शब्दाने बैठकीतला आवाजच खाली येतो. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने आपले जीवन संपवले, तो दिवस या मातीने अजून विसरलेला नाही.

अशा जिल्ह्यातली मुलगी बारावी सायन्स होऊन म्हणते, “मला आरोग्याचं शिकायचं आहे, बँकेचं कर्ज काढू,” तेव्हा बापाच्या पोटात गोळा आला तर नवल ते काय! मी मराठीचा मास्तर. पण असे पालक माझ्याकडेही येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “सर, सातबाऱ्यावर बोजा चढते काय जी?”

याचे उत्तर दिलासा देणारे आहे. शैक्षणिक कर्जाच्या पतहमी योजनेत साडेसात लाखांपर्यंत जमीन किंवा घर तारण मागितले जात नाही. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात, एवढेच. परंतु बोजा शेतावर चढला नाही म्हणून तो कुठेच चढला नाही, असे थोडेच आहे? तो मुलीच्या पहिल्या पगारावर चढतो. म्हणून आधी तो पगार पाहावा.

सार्वजनिक आरोग्य हा विषय आपल्या देशात पदव्युत्तर वर्गातच अधिक रुजला. बारावीनंतर त्या कामाकडे नेणारी सर्वांत रुळलेली वाट म्हणजे चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले, तेव्हा ही पदवी कामास आली. महाराष्ट्रात या पदासाठी दरमहा २५,००० रुपये ठरावीक आणि कामगिरीप्रमाणे १५,००० रुपयांपर्यंत अधिक, असा हिशेब सुरू झाला. नेमणूक मात्र कंत्राटी. उलट सरकारी रुग्णालयातील कायम अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. पण तिथली रांग लांब असते.

आता पेन्सिल घ्या. समजा, दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाख कर्ज घेतले आणि व्याज दहा टक्के आहे. शिकत असताना हप्ता नसतो, पुढेही एक वर्ष सवलत असते; पण व्याज काही झोपत नाही. सरळ व्याज धरले तरी पाच वर्षांत ते १,४०,००० होते. म्हणजे फेडायला बसलो की रक्कम ५,४०,०००! दहा वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता सुमारे ७,१४० रुपये. पंचवीस हजारांतून तो गेला की अठरा हजारांच्या आत उरतात. खोलीभाडे, खाणावळ आणि एस.टी. त्यातच. एकूण फेड होते साडेआठ लाखांच्या वर. तेच शिक्षणकाळातले व्याज त्या-त्या वेळी भरले, तर शेवटी ऐंशी हजारांहून अधिक वाचतात.

म्हणून माझा सल्ला साधा असतो. कर्ज मोजावे ते सर्वांत कमी पगारावर, सर्वांत मोठ्या स्वप्नावर नव्हे. ठरावीक रकमेच्या चौथ्या हिश्शाहून हप्ता मोठा होत असेल, तर कर्ज घटवण्याची खटपट आधी करावी. ती करताही येते. साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिक्षणकाळातले व्याज सरकारने भरण्याची योजना २००९ पासून आहे. ती प्रत्येक कॉलेजला लागू नसते, म्हणून प्रवेशाआधी विचारावे. २०२४ मध्ये राज्याने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास वर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरच्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ केले. पण प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. फेरीची वाट न पाहता व्यवस्थापनाच्या जागेवर घाईने नाव घातले, की ही सवलत हातची जाते.

कोणी म्हणेल, इतका हिशेब करून मिळते काय? शेवटी कंत्राटी नोकरीच ना! खरे आहे, आणि तो धोका पालकांनी डोळसपणे धरावा. पण २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात पडली. आमच्या कित्येक गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. अशा गावात चक्कर आणि मळमळ यांचा अर्थ वेळीच ओळखणारी, नाकातोंडाला फडके बांधायला आधीच सांगणारी एक शिकलेली मुलगी असणे, याची किंमत पगारपत्रकात सापडत नाही.

ती किंमत मात्र एकट्या बापाच्या खिशातून वसूल होऊ नये. मुलीने गावाचे ऋण खुशाल मानावे. कर्ज तिच्या पगाराला पेलेल एवढेच असावे.