इझूच्या धारेवरून शुझेन्जीला

डिसेंबरात पहाटे सहाला मात्सुझाकी बंदरावर काळोखच असतो. कपाळाला दिवे बांधलेले शेकडो धावपटू समुद्राकडे पाठ करून डोंगराच्या दिशेनं सुटतात. जपानच्या शिझुओका प्रांतातली ‘इझू ट्रेल जर्नी’ ही शर्यत २०१३पासून होते आहे. अंतर साधारण ७० किलोमीटर, सगळे चढ मिळून तीन हजार मीटरच्या वर, मुदत १४ तास. शेवट होतो शुझेन्जीत, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी शेकडो वर्षं नावाजलेल्या गावात.

मला या शर्यतीत सगळ्यात मोलाची वाटते ती तिची वाट. पश्चिम इझूच्या रानात पूर्वी कोळसा पाडणाऱ्यांचा राबता होता. भट्ट्यांमधला कोळसा घोड्यांवर लादून बंदरात यायचा आणि तिथून जहाजानं एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला जायचा. महायुद्धानंतर घरोघरी गॅस आणि रॉकेल आलं, भट्ट्या विझल्या आणि वाटा मोडल्या. खुरांनी आणि पावलांनी झिजून खोल गेलेल्या वाटांत माती, पालापाचोळा साचला, वर झाडं आडवी पडली. अलीकडच्या काळात स्थानिक मंडळींनी त्यांतल्या कितीतरी वाटा शोधून, फावड्यानं उकरून पुन्हा चालत्या केल्या. कडेला शेवाळलेले दगडी जिझो आहेत. वाटसरूंना सांभाळणारा हा बोधिसत्त्व. बंदरावरून वर येणारा शर्यतीचा सुरुवातीचा चढ अशाच मुलखातून जातो.

मग धार लागते. नेक्को डोंगर १,०३५ मीटर उंच, भोवती बीचची जुनी झाडं. निशिना खिंडीपुढे रान विरळ होत जातं आणि बुटक्या बांबूचं गवत सुरू होतं. आडोसा संपला की सुरुगा आखातावरून येणारा पश्चिमेचा वारा अंगाला झोंबतो. घामानं भिजलेला सदरा इथे क्षणात गार पडतो, म्हणून पाठीवरच्या पिशवीतलं वाराबंद जाकीट हाताशी हवं. हवा स्वच्छ असेल तर आखाताच्या पलीकडे अख्खा फुजी दिसतो. धारेच्या पश्चिमेला उतार तुटलेला आहे, पूर्वेला मात्र तो सौम्य आहे. इथले जुने ज्वालामुखी थंडावल्यावर पाण्यानं आणि लाटांनी त्यांची समुद्राकडची बाजू पोखरली आणि उरलं त्यावरून आज माणसं पळतात. मुळात इझू हा दूर दक्षिणेला समुद्रतळावर जन्मलेला मुलूख. फिलिपिन्स समुद्राच्या भूपट्टासोबत तो सरकत आला आणि सुमारे सहा लाख वर्षांपूर्वी होन्शूला भिडून द्वीपकल्प झाला. २०१८मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला.

धारेवरचा शेवटचा मोठा डोंगर दारुमा, ९८२ मीटरचा. माथा गाठला की शर्यत संपलीच असं वाटतं, पण खरी परीक्षा पुढच्या लांबलचक उतारावर. दिवसभर चढून थकलेल्या मांड्यांना इथे प्रत्येक पावलाला अंगाचं ओझं आवरावं लागतं. पेटके येतात ते याच टप्प्यात.

खाली कात्सुरा नदीच्या पात्रात तोक्को-नो-यू हे कुंड आहे. इथे एक मुलगा आजारी बापाला नदीच्या गार पाण्यानं आंघोळ घालत होता. ते पाहून कोबो दाइशी या भिक्षूनं वज्रानं खडक फोडला आणि ऊन पाणी उसळलं, अशी आख्यायिका आहे. साल ८०७ सांगतात, शुझेन्जी मंदिराच्या स्थापनेचंही तेच. त्या कुंडात आता स्नानाला मनाई आहे, पण गावात सार्वजनिक स्नानगृह आहे आणि ऱ्योकान, म्हणजे पारंपरिक विश्रामगृहं, भरपूर आहेत. शर्यत संपली की धावपटू तिकडेच वळतात. धारेवरची वाट मात्र वर्षभर उघडी असते. पाठीवर डबा घेतलेली साधी माणसंही तिच्यावरून चालतात.