विश्लेषण : ‘चार्ज’ म्हणजे नेमके काय? मोबाइलच्या बॅटरीपासून चार्जशीट आणि सातबाऱ्यावरील बोजापर्यंत…

मोबाइलची बॅटरी पाच टक्क्यांवर आली की चार्जरची शोधाशोध सुरू होते. हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज असतो, मोर्चावर लाठीचार्ज होतो, कार्यालयात नवे साहेब चार्ज घेतात, टीव्हीवर ‘चार्जशीट दाखल’ अशी पट्टी फिरते आणि रुग्णालयातून आजोबांना डिस्चार्ज मिळतो. इंग्रजीतला हा एक शब्द मराठी घरात इतक्या अर्थांनी वापरला जातो की तो आता परका राहिलेला नाही. अडचण नेमकी इथेच आहे. शब्द ओळखीचा असल्याने त्याचा अर्थही ठाऊक आहे, असे गृहीत धरले जाते. चार्जशीट आली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, न्यायालयाने डिस्चार्ज केले म्हणजे निर्दोष ठरवले, कर्जाचा शेवटचा हप्ता भरला म्हणजे जमिनीवरचा चार्जही गेला. हे तिन्ही समज चुकीचे आहेत.

शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये ‘कॅरस’ म्हणजे चाकांची गाडी. त्यावरून गाडीत माल भरणे या अर्थाचे क्रियापद तयार झाले आणि फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आले. कार, कॅरी, कार्गो हे सगळे त्याच्याच भावकीतले. कॅरिकेचर म्हणजे व्यंगचित्र, हा शब्दही त्याच घरातला. नाकावर, कानांवर जरा जास्तच भार टाकलेले चित्र, असा त्याचा मूळ भाव.

‘भार टाकणे’ हा अर्थ लक्षात ठेवला की बाकीचा गुंता बराच सुटतो. माणसावर जबाबदारीचा भार टाकला की तो इनचार्ज, दोषाचा टाकला की आरोपी, पैशांचा टाकला की ग्राहक. बंदुकीत दारू भरणे हासुद्धा चार्जच. शत्रूवर तुटून पडणे हा अर्थ त्यातूनच पुढे आला असावा, असे मानले जाते. लाठीचार्ज त्या लष्करी अर्थाचा वारस आहे. कायद्यात मात्र बेकायदा जमाव ‘बळाचा वापर करून’ पांगवण्याची भाषा आहे.

मराठीतही हे सारे भाराभोवतीच फिरते. पदभार, कार्यभार, प्रभारी, अधिभार, विद्युतप्रभार ही त्याची उदाहरणे. यातले काही शब्द इंग्रजीला प्रतिशब्द म्हणून घडले असतील. ‘आरोप’ मात्र जुना संस्कृत शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ वर ठेवणे, चढवणे असाच आहे.

कार्यालयीन इंग्रजीत एका छोट्या ‘द’ने अनर्थ होतो, तोही इथेच सांगायला हवा. परिचारिका ‘इन चार्ज ऑफ’ रुग्ण असेल, तर रुग्णाची जबाबदारी तिच्यावर आहे. तेच वाक्य ‘इन द चार्ज ऑफ’ असे लिहिले, तर परिचारिकाच रुग्णाच्या देखरेखीखाली जाते.

बॅटरीत नेमके काय भरते?

विजेच्या संदर्भात हा शब्द रूढ करण्याचे बरेचसे श्रेय बेंजामिन फ्रँकलिन यांना जाते. १७४० च्या दशकात लेडन जार नावाच्या काचेच्या बरणीत वीज साठवण्याचे प्रयोग सुरू होते. बंदुकीत दारू भरावी तशी बरणीत वीज भरायची, म्हणून चार्ज. अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्या की तोफखान्यासारखी ‘बॅटरी’. हा शब्दही फ्रँकलिन यांचाच.

गंमत अशी की मोबाइल चार्ज केल्याने त्याच्यातला एकूण विद्युतप्रभार वाढत नाही. चार्जिंगमध्ये लिथियमचे आयन बॅटरीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवले जातात. साठते ती ऊर्जा. बॅटरीवर लिहिलेले ५,००० एमएएच म्हणजे ती किती प्रभार वाहू देऊ शकते याचे माप, साधारण १८ हजार कुलोम. ऊर्जा कळण्यासाठी त्याला व्होल्टेजने गुणावे लागते.

पॉवर बँक घेताना हाच फरक खिशाला लागतो. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून ५,००० एमएएचचा फोन चार वेळा पूर्ण चार्ज होईल, असा हिशेब ग्राहक करतो. वेष्टनावरचा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला धरून असतो. म्हणजे ऊर्जा ७४ वॉट-तास. ती पाच व्होल्टला नेताना आणि उष्णतेत काही भाग गमावताना प्रत्यक्षात सुमारे तीनच वेळा फोन भरतो. पॉवर बँक खराब नसते, ग्राहकाने फक्त एकक चुकीचे वाचलेले असते. विमानातही मर्यादा वॉट-तासांत मोजली जाते. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक केबिन बॅगेत चालते.

चार्जशीट म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का?

नाही. चार्जशीट हे पोलिसांचे म्हणणे असते, न्यायालयाचे नव्हे. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात जो अहवाल देतात त्याला कायद्याच्या भाषेत ‘पोलीस अहवाल’ म्हणतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १९३ मध्ये या अहवालाची तरतूद आहे. आधी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ मध्ये होती. खटला चालवण्याइतका पुरावा आहे, असे पोलिसांचे मत असेल तर तो अहवाल म्हणजे चार्जशीट, मराठीत आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. पुरावा नसेल तर महाराष्ट्रात पोलीस ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ समरी अहवाल देतात. गुन्हा घडला पण छडा लागला नाही तर ए समरी, तक्रारच खोडसाळ आणि खोटी निघाली तर बी.

आरोपपत्राच्या बातमीत दिवसांचा उल्लेख सारखा येतो, त्यालाही कारण आहे. आरोपी कोठडीत असेल तर मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत तपास पूर्ण करावा लागतो. ती मुदत टळली आणि आरोपीने अर्ज केला, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. यालाच डिफॉल्ट जामीन म्हणतात. मकोका आणि यूएपीएसारख्या विशेष कायद्यांत ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. त्यामुळे ८९ व्या दिवशी हजारो पानांचे आरोपपत्र दाखल झाले, तर पानांच्या संख्येवरून पुराव्याचे वजन ठरवण्यात अर्थ नाही. ‘दहा हजार पानी आरोपपत्र’ असे मथळे माध्यमे हौसेने करतात. त्यातली पुष्कळ पाने जबाब, पंचनामे, बँक खात्यांचे उतारे आणि कॉल रेकॉर्डची असतात.

मग न्यायालयाचा ‘चार्ज’ कोणता?

आरोपपत्रानंतरचा टप्पा म्हणजे आरोपनिश्चिती, म्हणजेच चार्ज फ्रेम होणे. न्यायाधीश कागदपत्रे पाहून कोणत्या कलमाखाली खटला चालवायचा ते ठरवतात, आरोपीला आरोप वाचून दाखवतात आणि गुन्हा कबूल आहे का, असे विचारतात. कबूल नसेल तर साक्षीपुरावा सुरू होतो. म्हणजे या टप्प्यावरही काहीच सिद्ध झालेले नसते. सत्र न्यायालयातील खटल्यात आरोपांवरील पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत आरोपनिश्चिती करावी, असे नवी संहिता सांगते.

याच टप्प्यावर दुसरी वाट फुटते, ती डिस्चार्जची. खटला चालवायला पुरेसा आधारच दिसत नसेल तर न्यायालय आरोपीला सोडून देते. बातम्यांत त्याला कधी ‘आरोपमुक्त’ तर कधी ‘दोषमुक्त’ म्हटले जाते. पूर्ण खटला चालून सुटका झाली, तरी काही वेळा ‘दोषमुक्त’ हाच शब्द येतो. इथे वाचकाची गफलत होते आणि त्यात वाचकाची चूक कमी, लिहिणाऱ्याची जास्त.

कारण या दोन सुटकांमध्ये मोठे अंतर आहे. खटला चालून निर्दोष सुटलेल्या माणसावर, तो निकाल कायम असेपर्यंत, त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. हे संरक्षण डिस्चार्जला लागू नाही. आरोपीला डिस्चार्ज करणे म्हणजे निर्दोष मुक्त करणे नव्हे, असे नव्या संहितेच्या कलम ३३७ च्या स्पष्टीकरणातच नमूद आहे. नवा पुरावा मिळाला तर प्रकरण पुन्हा उभे राहू शकते. दुसरी बाजूही तितकीच खरी. डिस्चार्ज मिळालेल्या माणसाला खटल्यालाच सामोरे जावे लागलेले नसते. ‘साक्षीदार फुटले म्हणून सुटला’ असे त्याच्याबद्दल बोलणे चुकीचे ठरते, कारण एकही साक्षीदार तपासलेलाच नसतो.

हे अंतर कागदापुरते नाही. आरोपपत्रात नाव आले एवढ्यावर गावात बहिष्कार, नोकरीवरून घरी बसवणे, ठरलेले लग्न मोडणे असे प्रकार घडतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बातमीत ‘चार्ज’ झाला एवढेच असते. तो पोलिसांनी ठेवला की न्यायालयाने निश्चित केला, हे कुणी विचारत नाही.

रुग्णालयाचा डिस्चार्ज का रखडतो?

डॉक्टर सकाळी ‘आज घरी जा’ म्हणतात आणि कुटुंब संध्याकाळपर्यंत बिलाच्या खिडकीशी बसून राहते. कॅशलेस विमा असेल तर विमा कंपनीच्या अंतिम मंजुरीची वाट पाहावी लागते. विमा नियामक ‘इर्डाई’ने २९ मे २०२४ च्या परिपत्रकात यासाठी तीन तासांची मुदत घातली आहे. रुग्णालयाची विनंती पोहोचल्यापासून तीन तासांत मंजुरी मिळायला हवी. त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयाने त्यापोटी जादा रक्कम आकारली, तर ती विमा कंपनीने सोसायची, ग्राहकाने नाही.

बिलातला चार्ज कर असतो का?

रेस्टॉरंटमधला सर्व्हिस चार्ज कर नाही. तो पैसा सरकारकडे जात नाही, रेस्टॉरंटकडे राहतो. पूर्वी सर्व्हिस टॅक्स होता तो वेगळा. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो संपला. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २८ मार्च २०२५ रोजी ती मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली. बिलात हा चार्ज दिसला तर तो काढायला सांगता येतो. ऐकले नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

महावितरणच्या बिलात चार्जला ‘आकार’ म्हणतात. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशी ती यादी असते. महिनाभर घराला कुलूप असले तरी स्थिर आकार येतोच, कारण तो वापराचा नसून जोडणीचा असतो. त्याच बिलातले ‘वीज शुल्क’ मात्र सरकारी कर आहे.

कर्ज फिटले, मग बोजा का दिसतो?

मालमत्तेच्या व्यवहारात चार्ज म्हणजे त्या मालमत्तेवर असलेला देण्याचा भार. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०० मध्ये त्याची व्याख्या आहे. सातबाऱ्यावर इतर अधिकारात याचीच नोंद ‘बोजा’ म्हणून होते. इथे मराठी शब्द इंग्रजीपेक्षा जास्त बोलका आहे.

पीककर्ज किंवा गृहकर्ज फेडल्यावर बँकेचे खाते शून्य होते, पण सातबाऱ्यावरची नोंद आपोआप जात नाही. बोजा कमी करण्यासाठी बँकेचे ना-देय पत्र जोडून तलाठ्याकडे किंवा ‘ई-हक्क’ प्रणालीवर अर्ज करावा लागतो, मग फेरफार होतो. अनेकांना हे जमीन विकायला काढल्यावर किंवा नवे कर्ज मागायला गेल्यावर कळते. तोवर बँकेची शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली असते आणि जुने कागद शोधायला कुणी मोकळा नसतो.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये याबाबत आदेश काढला. कर्जाची पूर्ण परतफेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदणी यंत्रणेत केलेला चार्ज काढणे कर्जदात्या संस्थेला बंधनकारक आहे. उशिराला संस्था जबाबदार असेल तर दिवसाला पाच हजार रुपये कर्जदाराला द्यावे लागतात. १ डिसेंबर २०२३ पासून मूळ कागदपत्रे परत करण्याची वेळ आलेल्या कर्जांना हा नियम लागू आहे आणि तो सहकारी बँका व गृहवित्त कंपन्यांनाही आहे. शेवटचा हप्ता भरताना परतफेडीचे पत्र तारखेसह लेखी घ्यावे, कारण ३० दिवस त्या तारखेपासूनच मोजले जातात.