सेलम १६९२: भीतीचा पुरावा कसा झाला?

‘सेलममध्ये चेटकिणींचे खटले का झाले?’ या प्रश्नाला ठरलेलं उत्तर असतं: प्युरिटन लोक सैतानाला घाबरायचे. हे खरं आहे, पण अपुरं आहे. मॅसॅच्युसेट्समधले प्युरिटन १६३० पासूनच सैतानाला घाबरत होते. चेटूक केल्याचे खटले अधूनमधून व्हायचे आणि बरेच आरोपी सुटायचेही. मग १६९२ मध्येच काही महिन्यांत १९ जण फासावर कसे गेले? संशोधनाचा खरा प्रश्न हा आहे.

आधी ही भीती नेमकी कशाची होती ते बघू. प्युरिटनांच्या मते त्यांच्या समाजाचा देवाशी करार झाला होता. आपण आज्ञा पाळायच्या, देव रक्षण करेल. एकाने पाप केलं तर शिक्षा सगळ्यांना. चेटकीण म्हणजे हाच करार उलटा करणारी, सैतानाच्या वहीत सही करणारी बाई. म्हणजे घरातलीच फितूर. त्यामुळे शेजारणीचं वागणं हा साऱ्या गावाचा प्रश्न व्हायचा.

त्यात काळही वाईट होता. १६८४ मध्ये वसाहतीची सनद रद्द झाली होती. उत्तर सीमेवर फ्रेंच आणि वाबानाकी यांच्याशी युद्ध चालू होतं. जानेवारी १६९२ मध्ये मेनमधल्या यॉर्क गावावर हल्ला झाला. मेरी बेथ नॉर्टन या इतिहासकार या युद्धाच्या सावलीतच खटले वाचतात. नेमक्या त्याच हिवाळ्यात सेलम व्हिलेजचे धर्मगुरू सॅम्युअल पॅरिस यांची मुलगी आणि भाची यांना झटके येऊ लागले.

पण भीती एकटी कुणाला फासावर देत नाही. त्यासाठी कोर्ट लागतं. गव्हर्नर फिप्स यांनी मे महिन्यात खास न्यायालय नेमलं. मुली सांगायच्या, ‘हिची छाया येऊन आम्हाला चिमटे काढते.’ ती छाया इतरांना दिसायची नाही. हाच तो ‘स्पेक्ट्रल एव्हिडन्स’. मुख्य न्यायाधीश स्टॉटन यांचं म्हणणं असं, की निरपराध माणसाचं रूप घ्यायला देव सैतानाला परवानगी देणारच नाही. हे एकदा मान्य केलं की बचाव संपला. ‘मी तेव्हा घरी होते’ याला अर्थच उरत नाही, कारण छाया कुठेही जाऊ शकते! ७१ वर्षांच्या रिबेका नर्स यांना ज्यूरीने आधी निर्दोष ठरवलं होतं. कोर्टाने फेरविचार करायला लावला, निकाल फिरला आणि १९ जुलैला त्यांना फाशी झाली.

कबुलीचा हिशेबही उलटा होता. कबुली देऊन त्यावर ठाम राहणारे वाचले. नाकारणारे मेले. खोटी कबुली म्हणजे आत्म्याचा नाश, असं मानणाऱ्या श्रद्धाळू माणसांपुढे मग कोणता रस्ता उरला?

गंमत म्हणजे आक्षेपही धर्मातूनच आला. ऑक्टोबरमध्ये धर्मगुरू इन्क्रीज मॅदर यांनी मांडलं, की सैतान निरपराध माणसाचंही रूप घेऊ शकतो. त्याच महिन्यात फिप्स यांनी ते न्यायालय बंद केलं. नव्या न्यायालयात छायेचा पुरावा चालेना. जानेवारी १६९३ मध्ये तिघींनाच दोषी ठरवलं गेलं, त्यांचीही फाशी फिप्स यांनी थांबवली. सैतानाची भीती काही तीन महिन्यांत गेली नव्हती. बदलला होता तो पुराव्याचा नियम.

म्हणून ‘धार्मिक भीतीमुळे असं झालं’ हे वाक्य लिहाल, तेव्हा स्वतःला दोन प्रश्न विचारा. ही भीती आधीही होती का? असेल, तर या वेळी ती कोणत्या संस्थेतून आणि कोणत्या नियमातून कामाला लागली?

आणि कागद कुणी लिहिले तेही बघा. त्या खास न्यायालयाचं स्वतःचं दप्तर उरलेलं नाही. आपल्या हाती आहेत ते मुख्यतः प्राथमिक चौकशीचे आणि साक्षींचे कागद. त्यातल्या काही चौकश्यांची नोंद खुद्द पॅरिस यांनी केली आहे, म्हणजे झटके येणाऱ्या मुलीच्या वडिलांनीच.