खड्ड्यात गेलेलं चाक



"अमेरिकेतसुद्धा खड्डे?" मिशिगनला पहिल्यांदा आल्यावर आईने विचारलेला हा प्रश्न. आपल्याकडे खड्डे पावसाळ्यात पडतात, इथे ते थंडी सरता सरता उगवतात, एवढाच काय तो फरक! तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पुढे अशाच एका खड्ड्याने चांगला धडा शिकवला, तो आपल्यालाही उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आम्ही संक्रांतीच्या कार्यक्रमाहून रात्री घरी येत होतो. रस्त्यात पाण्याचं डबकं दिसलं, गाडी तशीच घातली. डबक्याखाली खड्डा होता. धाड्‌कन आवाज झाला. उतरून मोबाईलच्या उजेडात चाक पाहिलं. हवा होती, रिमही शाबूत दिसत होती. "काही झालेलं नाही," असं जाहीर करून मी गाडी घरी आणली.

तीन आठवड्यांनी ऑइल बदलायला गेलो तर मेकॅनिकने मला आत बोलावलं. गाडी लिफ्टवर होती. पुढच्या उजव्या टायरच्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसणारच नाही अशा जागी, लिंबाएवढा फुगा आला होता. त्याच शनिवारी आई-बाबांना शिकागोच्या विमानतळावर सोडायचं होतं. जवळजवळ ३०० मैल, ७० मैलांचा वेग आणि गाडीत आम्ही पाच जण. पुढचा विचार नकोसा वाटला.

मी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि मग आपल्यातल्या अनेकांसारखा आयटीत शिरलो. त्या दिवशी डिग्रीची थोडी लाज वाटली आणि जुना अभ्यास पुन्हा उघडला.

खड्डा पडतो कसा?

डांबराच्या भेगांतून पाणी खाली झिरपतं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि वरचा थर उचलून धरतं. बर्फ वितळला की खाली पोकळी राहते, तिच्यावरून ट्रक गेला की डांबर खचतं. दिवसा ३२ अंश फॅरनहाइटच्या वर आणि रात्री खाली, असं तापमान जितक्या वेळा होईल तितके खड्डे जास्त. म्हणून ऐन जानेवारीपेक्षा मार्च वाईट. मिशिगनमध्ये या दिवसांत अनेक रस्त्यांवर जड ट्रकच्या वजनावर मर्यादा घालतात, ती यासाठीच.

धक्का कुठे कुठे पोचतो?

पहिला मार टायरला. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये टायरची बाजू अडकित्त्यातल्या सुपारीसारखी चिमटली जाते. आतले धागे तुटतात, वरचं रबर मात्र शाबूत राहतं. मग आतली हवा त्या कमकुवत जागी रबर बाहेर ढकलते. हाच तो फुगा. तो दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो. नाहीतर तो कधी फुटेल याचा नेम नाही. डॅशबोर्डवरचा दिवा फक्त हवा कमी झाल्याचं सांगतो, फुग्याचं नाही.

दिसायला झोकदार, पातळ टायर इथे जास्त मार खातात. २०५/६५ मापाच्या टायरची बाजू सुमारे १३३ मिलिमीटर उंच असते, २२५/४५ ची फक्त १०१. उशीच कमी, तर धक्का रिमला लवकर पोचणार.

पुढे रिम वाकते, चाकाच्या बेअरिंगला मार बसतो आणि मग पाळी सस्पेन्शनची. स्प्रिंग धक्का झेलते, शॉक अॅब्सॉर्बर स्प्रिंगचं उड्या मारणं थांबवतो. चाकाला धरून ठेवणाऱ्या कंट्रोल आर्मच्या टोकाला बॉल जॉइंट असतो, आपल्या खुब्याच्या सांध्यासारखा. तो सैल झाला की खडखड ऐकू येते. शॉक अॅब्सॉर्बरचं सील फुटलं तर तेल गळतं आणि गाडी होडीसारखी डुलते.

सगळ्यात छुपं नुकसान अलाइनमेंटचं. चाक सरळ दिशेपासून अवघा पाव अंश वळलेलं राहिलं तरी प्रत्येक मैलामागे ते सुमारे २३ फूट आडवं घासतं. टायर एका बाजूने झिजतो आणि आपण टायरच्या कंपनीला नावं ठेवतो!

धक्का बसल्यावर काय पाहाल?

१. सुरक्षित जागी थांबून टायर दोन्ही बाजूंनी पाहा. आतली बाजू दिसत नसेल तर गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा.
२. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का? सरळ जाताना स्टीअरिंग तिरकं राहतं का? तसं असेल तर अलाइनमेंट तपासा.
३. ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल तर रिम वाकली असेल किंवा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असेल.
४. वेगाबरोबर वाढणारा घूं-घूं आवाज बहुधा बेअरिंगचा.
५. फोटो आणि बिलं जपून ठेवा. असं नुकसान सहसा विम्याच्या कोलिजन भागात मोडतं. पण डिडक्टिबल बिलापेक्षा मोठं असेल तर क्लेमचा उपयोग नाही. टायर घेताना रोड हॅझर्ड वॉरंटी घेतली होती का, तेही पाहा.

धक्का कमी बसावा म्हणून

आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ३५ ऐवजी ५० मैलांनी गेलात तर ती दुप्पट होते. ब्रेक खड्ड्याच्या आधी लावा आणि चाक आत जायच्या आधी सोडा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचा भार पुढे येतो, पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते आणि धक्का झेलायला तिच्याकडे जागा उरत नाही. शेजारची लेन न पाहता गाडी वळवू नका, त्यापेक्षा खड्डा परवडला. टायरमध्ये हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली असेल तेवढी ठेवा. तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो, म्हणून थंडीत दर महिन्याला तपासा. आणि डबकं दिसलं की त्याखाली खड्डा आहे असंच समजा.

आमचा टायर बदलला, अलाइनमेंट झालं आणि शनिवारी आई-बाबा वेळेत विमानतळावर पोचले. आता आई फोनवर हवापाण्याची चौकशी झाली की विचारते, "चाकं आतून बघितलीस का रे?" आपणही या आठवड्यात एकदा बघून घ्या.